फूटपाथवरची रांगोळी

ओकलंडला मुलाकडे गेलो असताना तेथल्या जुन्या बाजारात एक पितळी रूळ हाती आला. वीतभर रुंद, अंगावर ठिपक्यांच्या रांगा, धरायला लाकडी मूठ. ‘अगबाई, ही तर आपली रांगोळीची नळी!’ सौ. म्हणाली. पण नळीला असतात भोके. येथे होते उंचवटे. विक्रेत्याने हसून पायाखालच्या फूटपाथकडे बोट दाखवले. त्यावर तस्सेच ठिपके, पण खळग्यांचे!

आमच्या वडिलांनी हौसेने अंगणाचा कोबा आरशासारखा घोटून घेतला होता. पहिल्याच पावसात आई घसरली ती जन्माची काठी घेऊन बसली. म्हणून तो रूळ मला खाली ठेववेना.

लोखंडी थापीने सिमेंट फार घोटले की बारीक लगदा वर येतो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. घरात ते शोभते, रस्त्यावर बाधते. 1891 साली ओहायोतल्या बेलफाउंटन गावी जॉर्ज बार्थोलोम्यूने 8 फूट रुंदीचा काँक्रीटचा पट्टा घातला, तेव्हा घोड्यांचे पाय घसरू नयेत म्हणून त्यावर सुमारे चार-चार इंचांचे चौकोन कोरले. पुढे तेथला कोर्ट अव्हेन्यू करताना त्याला 5,000 डॉलरची हमी द्यावी लागली. लोकांचा विश्वास हवा ना!

घोड्यांसाठी चौकोन, तसे माणसांसाठी ठिपके. कडा गोल करायला वेगळे हत्यार, सांध्याच्या रेघा पाडायला वेगळे. तडा जायचाच तर त्या रेघेतून जावा, ही युक्ती. रुळाचे खरे कसब मात्र वेळेचे. वर आलेले पाणी जिरण्याआधी फिरवला तर लगदा रुळालाच चिकटतो. उशीर झाला तर ठिपका उमटतच नाही. ऊन किती, वारा किती, हे पाहून गुडघे टेकलेल्या गवंड्याने तो क्षण ओळखायचा. आता बहुतेक ठिकाणी नुसता झाडू ओढतात, आणि सांधे यंत्राच्या करवतीने कापतात.

ओकलंडच्या जुन्या फूटपाथांवर कंत्राटदारांची नावे आणि साल ठशांनी उमटवलेले दिसते. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेची ‘डब्ल्यूपीए’ ही अक्षरेही कुठे कुठे आढळतात. रूळ फिरवणाऱ्याचे नाव मला कोठे दिसले नाही. मी मात्र वाकून वाकून शोधत होतो, आणि सौ. मागून ‘पडाल हो!’ म्हणत होती.

रूळ घेऊन आलो. यंदा अंगणाचा कोबा नव्याने करायचा ठरला, तेव्हा मोठ्या ऐटीत तो आमच्या गवंड्यापुढे ठेवला. त्याने उलटसुलट पाहिला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि खिशातून सुतळीचे बंडल काढले.

‘काका, आमचं यावर भागतं,’ तो म्हणाला, आणि ओल्या सिमेंटवर सुतळी ताणून दाबू लागला.