अल्टरनेटरची क्षमतावाढ, ट्रकमधील

ट्रकवर वाढलेला विजेचा भार पेलण्यासाठी मूळचा अल्टरनेटर उतरवून जास्त अँपिअरचा बसवणे, आणि त्याच्या जोडीने पुली, पट्टा, केबल, अर्थिंग व फ्यूज बदलणे, याला क्षमतावाढ म्हणतात. गॅरेजात याचे नाव ‘मोठा डायनामो टाकणे’. व्याख्येतला ‘आणि’च्या पुढचा भाग खर्च वाचवण्यासाठी सर्रास सोडून दिला जातो, आणि मग नव्या अल्टरनेटरला नावे ठेवली जातात.

‘डायनामो’ हा शब्द यंत्रापेक्षा जास्त टिकला. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला सुरुवात केली, त्या काळच्या गाड्यांत खरोखरच डायनामो असे. त्यात वीज फिरत्या आर्मेचरमधून निघे, आणि इंजिन आयडलला असले की चार्जिंग जवळपास शून्य. बॅटरीतून उलटा प्रवाह जाऊ नये म्हणून ‘कटआउट’ लागे. अल्टरनेटरमध्ये हे उलटे केले आहे: मोठा प्रवाह स्थिर स्टेटरमधून निघतो, रोटरला कार्बन ब्रशमधून फक्त काही अँपिअरचा फील्ड करंट मिळतो, आणि तीन फेजची वीज डायोड प्लेटवर एकदिश होते. उलटा प्रवाह डायोडच अडवतात, त्यामुळे कटआउटची गरजच उरली नाही. तरी मिस्त्री आजही व्होल्टेज रेग्युलेटरला कटआउटच म्हणतात आणि दुकानाच्या पाटीवर ‘सेल्फ-डायनामो’ असेच रंगवतात.

विजेचा भार का वाढला, हे विदर्भातल्या एका उदाहरणावरून दिसते. दारव्हा तालुक्यातले बोरी अरब हे यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचे गाव. या पट्ट्यातला कापूस वाहण्यासाठी एकेकाळी मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज रेल्वे, म्हणजे लोकांची ‘शकुंतला’, बांधली गेली. आता तो माल रस्त्यावर आहे. दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते आणि नंबर येईपर्यंत रात्र केबिनमध्येच जाते: पंखा, मोबाइल, गाणी, बाहेरचा एखादा दिवा, आणि इंजिन बंद. उन्हाळ्यात तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडकडच्या बोअरवेलच्या गाड्या विदर्भात फिरतात. त्यांचे रात्रीचे काम फ्लडलाइटवर चालते. त्यात एसीची भर पडली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, ३.५ टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. ४५ अंशांच्या उन्हात शेजारच्या गाडीत ती हवा अनुभवली की जुन्या गाडीचा मालकही बाहेरून एसी बसवून घेतो. एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालतो, हे खरे. पण ब्लोअर, कंडेन्सरचा पंखा आणि क्लच यांची वीज अल्टरनेटरलाच द्यावी लागते.

मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. छोट्या टेम्पोंत बहुधा १२ व्होल्टच. सिरीजमध्ये व्होल्टची बेरीज होते, अँपिअर-तासांची होत नाही. १५०च्या दोन बॅटऱ्या म्हणजे २४ व्होल्टला १५०च, ३०० नव्हे. हा हिशेब चुकल्याने पहाटे सेल्फ न मारणाऱ्या गाड्या भरपूर.

भार मोजताना दोन बेरजा करायच्या: गाडी चालत असतानाची आणि उभी असतानाची. दुसरी कोणी करत नाही. एक नमुना घेऊ. उभ्या गाडीत एसीचे पंखे २५० वॅट, ४८ वॅटचे सहा एलईडी फ्लडलाइट मिळून २८८, पूर्ण भारावरचा ६०० वॅटचा इन्व्हर्टर (तोट्यासह ७००), आणि इंजिनाचे स्वतःचे किरकोळ ५०. एकूण सुमारे १,२९० वॅट. २८ व्होल्टने भागले की ४६ अँपिअर, आणि बॅटरी भरायला लागणारा प्रवाह यात धरलेलाच नाही. इंजिन बंद ठेवून हाच भार चालवला तर १५० अँपिअर-तासाची जोडी निम्म्यावर यायला सव्वा तास पुरतो.

आता अल्टरनेटरवरचा आकडा पाहू. ‘८० अँपिअर’ हा आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६,००० फेरे मारत असताना आणि थंड वातावरणात मोजलेला असतो. ट्रकचे इंजिन आयडलला सहाशेच्या आसपास फिरते. क्रँकची पुली अल्टरनेटरच्या पुलीच्या अडीच-तीन पट असली तरी अल्टरनेटर पंधराशे-अठराशेच्या पुढे जात नाही, आणि तिथे ८०चा अल्टरनेटर बहुधा निम्म्याच्या आसपास प्रवाह देतो. बॉनेटखालच्या उष्णतेत तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणून विदर्भाच्या मे महिन्यात यातूनही काही उतरते. म्हणजे मूळच्या, समजा, ४५ अँपिअरच्या अल्टरनेटरच्या जागी ८०चा टाकूनही वरचा भार आयडलला निघत नाही. विकत घेताना विचारायचा प्रश्न ‘किती अँपिअरचा?’ एवढाच नाही, ‘पंधराशेला किती देतो?’ हाही आहे. उत्पादकाच्या आलेखात हे उत्तर असते. काउंटरवर ते क्वचितच मिळते.

लहान पुली लावून फेरे वाढवता येतात. पण पुली लहान झाली की पट्ट्याची तिच्यावरची मिठी कमी होते, आणि नेमक्या त्याच वेळी ओढ वाढलेली असते. १०० अँपिअर, २८ व्होल्ट म्हणजे २.८ किलोवॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर पट्ट्यातून पावणेपाच किलोवॅट, म्हणजे सहाहून जास्त अश्वशक्ती जायला हवी. मूळचा एकेरी व्ही-पट्टा तिथे घसरतो. सकाळी गाडी चालू करताना किंचाळण्याचा आवाज येतो, ब्रॅकेटवर रबराची काळी भुकटी साचते आणि पुलीची खाच काचेसारखी चकचकते. पट्टा आवळत राहिले की आवाज थांबतो आणि बेअरिंग जाते. खरा उपाय म्हणजे दुहेरी किंवा अनेक धारांचा पट्टा आणि त्याला जुळणारी पुली.

केबलचा हिशेब सोपा आहे आणि सगळ्यात जास्त चुकतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या चार मीटर केबलमधून १०० अँपिअर गेले तर ०.४४ व्होल्ट वाटेतच पडतो. ३५ चौरस मिलिमीटरमध्ये ०.२. हे झाले एका बाजूचे. परतीची वाट चेसिसमधून आणि इंजिनाच्या अर्थ पट्टीतून जाते, जिच्या बोल्टखाली रंग, गंज आणि ग्रीस यांचा थर असतो. मल्टिमीटर नसेल तर भार चालू ठेवून दहा मिनिटांनी इंजिन बंद करावे आणि थिंबलला, म्हणजे केबलच्या टोकाच्या जोडाला, हाताची पाठ लावावी. केबल गार आणि थिंबल गरम असेल तर दोष जोडात आहे. मीटर असेल तर एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलला, दुसरे बॅटरीच्या प्लसला लावावे. पूर्ण भारावर अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर केबल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाढीव भाराची प्रत्येक वायर बॅटरीपाशीच फ्यूज घेऊन निघाली पाहिजे. सुट्या कापसाने भरलेल्या ट्रकमध्ये हे कलम सर्वांत कडक मानावे: चेसिसच्या कडेला घासून उघडी पडलेली, फ्यूज नसलेली वायर आणि कापूस यांत ठिणगीएवढेच अंतर असते.

रस्त्याकडेच्या दुकानांतल्या काही पद्धती डायनामोच्या काळातून आल्या आहेत. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर उचलून ‘चार्जिंग आहे का’ बघणे ही त्यातली सर्वांत महाग. बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज उसळते आणि डायोड, रेग्युलेटर, बीएस-६ गाडीत इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयूसुद्धा जाऊ शकतो. याउलट मागच्या बेअरिंगजवळ स्क्रू-ड्रायव्हरचे टोक नेऊन ओढ लागते का पाहण्याची पद्धत शहाणपणाची आहे. ओढ लागली म्हणजे फील्ड भरते आहे, मग तपास डायोड प्लेट आणि पट्ट्याकडे वळवायचा. २४ व्होल्टच्या जोडीतील एकाच बॅटरीवरून १२ व्होल्टचा डेक चालवणे तर घरोघरी. त्याने एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त भरून पाणी उडवते आणि शेवटी दोन्ही बदलाव्या लागतात. २४चे १२ करणारा कन्व्हर्टर एका बॅटरीच्या तुलनेत किरकोळ किमतीत येतो. बॉडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटर, दोन्हींच्या जोडण्या सोडवाव्यात.

अल्टरनेटर निवडताना दोन गोष्टी दिसत नाहीत म्हणून राहतात. काही छोट्या डिझेल गाड्यांत ब्रेकला लागणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागच्या टोकालाच बसवलेला असतो. पंप नसलेला ‘तसाच दिसणारा’ अल्टरनेटर टाकला तर चार्जिंग उत्तम होते आणि ब्रेक पेडल दगडासारखे होते. दुसरी गोष्ट बीएस-६ची (१ एप्रिल २०२० पासून). यातल्या काही गाड्यांत रेग्युलेटर ईसीयूच्या आज्ञेवर चालतो. तिथे साधा अल्टरनेटर लावला की डॅशबोर्डवर दोषाचा दिवा लागून राहतो. कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. अल्टरनेटरचे अँपिअर त्या प्रमाणपत्रात लिहिलेले नसतात, पण वॉरंटीतल्या गाडीचा विद्युत भाग बाहेर उघडला की वॉरंटी नाकारली जाण्याची शक्यता असते.

काम नीट झाले का, हे तीन आकड्यांवरून कळते. इंजिन बंद असताना भरलेली जोडी २५.२ ते २५.६ व्होल्ट दाखवते. चालू झाल्यावर २७.५ ते २८.८. तिसरा आकडा सगळा भार टाकून, आयडलला, दहा मिनिटांनी घ्यायचा. तो २५.५च्या खाली घसरत गेला तर भार बॅटरी पेलते आहे, अल्टरनेटर नाही. अशा वेळी हँड थ्रॉटलने फेरे हजाराच्या आसपास नेणे हा बोअरवेलवाल्यांचा जुना तोडगा आहे. डीजेच्या गाडीला तोही पुरत नाही. अनेक किलोवॅटचे अँप्लिफायर ट्रकच्या अल्टरनेटरच्या आवाक्याबाहेरचे असल्याने त्या गाडीवर डिझेल जनरेटर स्वतंत्र चढवलेला असतो, आणि ट्रकचा अल्टरनेटर त्या रात्री फक्त हेडलाइट आणि हॉर्न सांभाळतो.