मेंदूची आवरणे, मस्तिष्क-मेरुद्रव आणि वऱ्हाडातील वैद्यकशिक्षण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
मानवी मेंदू तीन आवरणांनी वेष्टिलेला असतो. बाहेरचे आवरण जाड व चिवट, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे, तर आतले अत्यंत तलम व मेंदूस चिकटलेले असते. मधल्या व आतल्या आवरणांमधील पोकळीत मस्तिष्क-मेरुद्रव खेळतो. या द्रवाच्या ज्ञानाचा इतिहास आणि ते ज्ञान वऱ्हाडात रुजण्याची प्रक्रिया यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

द्रवाचा शोध :
डोक्यातील शल्य काढल्यावर जखमेत केसांची वात बसवावी, अन्यथा मस्तुलुंग स्रवते, असा निर्देश सुश्रुतसंहितेत आढळतो. मस्तुलुंग म्हणजे मेंदूचा मृदू भाग असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. त्यावरून या द्रवाचे ज्ञान गृहीत धरणे इतिहासदृष्ट्या उचित ठरत नाही. युरोपातही हा द्रव दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. कारण विच्छेदनात शिर धडावेगळे करताच तो वाहून जाई. नेपल्सचे दोमेनिको कोतुन्यो यांनी प्रेते उभी ठेवून कमरेकडील कणा उघडला आणि १७६४ साली द्रवाचे वर्णन प्रसिद्ध केले. १८९१ साली जर्मन वैद्य हाइन्रिख क्विंके यांनी कमरेतून सुईने द्रव काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे मेंदूज्वराचे कारण जिवंत रुग्णात शोधणे शक्य झाले.

वऱ्हाडातील वाटचाल :
१९०३ साली वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला आणि वैद्यकशिक्षणाचे केंद्र नागपूर ठरले. तेथे १९१४ साली रॉबर्टसन वैद्यकीय विद्यालय व १९४७ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. विच्छेदनाधिष्ठित शिक्षणासाठी अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्यांना वऱ्हाडाबाहेर जावे लागे. अमरावतीस १९८४ साली डॉ. पंजाबराव देशमुखांच्या स्मरणार्थ वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अकोल्यास २००२ साली शासकीय महाविद्यालय आले. क्विंके यांची सुई आणि अमरावतीचे महाविद्यालय यांत ९३ वर्षांचे अंतर आहे.

निष्कर्ष :
संस्था आल्या, तरी ‘पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो’ ही भीती पुरती सरलेली नाही. वस्तुतः प्रौढ शरीरात हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो व दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतो. तपासणीसाठी काढलेले काही मिलिलिटर काही तासांत भरून निघतात. शिवाय सुई मेरुरज्जू संपतो त्याच्या खाली टोचली जाते. ‘मेंदूज्वर’ हा एकच लोकप्रचलित शब्द आवरणांचा दाह व खुद्द मेंदूचा दाह या दोहोंसाठी वापरला जातो. त्यांतील भेद व दाहाचे कारण ठरविण्यास हा द्रवच मुख्य साक्षीदार असतो. भीतीपोटी त्याची साक्ष लांबली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून शरीरशास्त्राचे हे ज्ञान महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर, मराठीतून पोहोचणे अगत्याचे आहे.