आधीचा आकडा, नंतरचा आकडा

‘प्राप्त टी मूल्य सारणीतील टी मूल्यापेक्षा अधिक आहे, म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे.’ मराठवाड्यातल्या एम.एड.च्या प्रबंधांत आणि जिल्हा परिषद शिक्षकांच्या कृतिसंशोधनांत हे वाक्य मंगलाष्टकासारखं ठरलेलं असतं. वडवणी तालुक्यातल्या एखाद्या शाळेत वाचनाचा उपक्रम घ्यायचा झाला, तर आधी पूर्वचाचणी, मग उपक्रम, मग उत्तरचाचणी आणि शेवटी टी. त्या मागच्या पानावरच्या सारणीचं कूळ मात्र प्रबंधात कोणी सांगत नाही. ते निघतं बिअरच्या कारखान्यात.

विल्यम सीली गॉसेट हा ऑक्सफर्डला रसायनशास्त्र आणि गणित शिकलेला तरुण १८९९ साली डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाला. तिथे रोज पडणारे प्रश्न असे, की या जातीचं बार्ली चांगलं की त्या जातीचं, हे माल्ट बरं की ते. उत्तर शोधायला हाताशी आकडे किती? चार, सहा, फार तर दहा. त्या काळचं संख्याशास्त्र शेकड्यांत आणि हजारांत बोलायचं. लंडनला त्या शास्त्राचे धुरीण होते कार्ल पिअरसन. १९०६-०७ मध्ये गॉसेट त्यांच्याकडे जाऊन शिकला, पण चार-सहा आकड्यांची अडचण ही पिअरसन यांची नव्हतीच. ती कारखान्याची होती. एक-एक शेतप्रयोग म्हणजे एक-एक हंगाम, तिथे हजार आकडे आणायचे कुठून?

गॉसेटने ती अडचण गणिताने सोडवली आणि मग उत्तर हाताने पडताळून पाहिलं. ३००० कैद्यांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी ही मोजमापं आधीच छापलेली होती. ती त्याने पुठ्ठ्याच्या ३००० तुकड्यांवर उतरवली, तुकडे नीट पिसले आणि चार-चारचे ७५० गट पाडून प्रत्येकाचं गणित केलं. संगणक नव्हता, कारकुनी चिकाटी होती. लेख १९०८ च्या मार्चमध्ये ‘बायोमेट्रिका’त आला, पण गॉसेटच्या नावाने नव्हे. कारखान्याची गुपितं फुटू नयेत म्हणून गिनेस आपल्या माणसांना स्वतःच्या नावाने छापू देत नसे. लेखाखाली नाव होतं ‘स्टुडंट’. तेच पुढे टिकलं.

लेखातलं पहिलं उदाहरण बार्लीचं नाही, झोपेचं आहे. मिशिगनमधल्या कॅलामाझूच्या मनोरुग्णालयात दहा रुग्णांना झोपेची दोन औषधं वेगवेगळ्या रात्री दिली होती. औषधाविना जेवढी झोप लागे, त्यापेक्षा किती तास जास्त लागली, ते क्युश्नी आणि पीबल्स या दोघांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलं होतं. स्टुडंटने औषधांची नावं उतरवताना घोळ घातला, आणि तो पुढच्या पुस्तकांतही तसाच चालत राहिला. आकडे मात्र बरोबर आहेत. पहिल्या औषधाने सरासरी ०.७५ तास झोप वाढली, दुसऱ्याने २.३३ तास.

खरी गंमत आतल्या आकड्यांत आहे. दुसऱ्या क्रमांकाच्या रुग्णाची झोप पहिल्या औषधाने उलट १.६ तासांनी कमी झाली, सातव्याची ३.७ तासांनी वाढली. माणसामाणसांतलं हे अंतर इतकं मोठं, की दोन औषधांतला फरक त्यात बुडून जातो. हे वीस आकडे वीस वेगळ्या माणसांचे समजून दोन गटांची तुलना केली, तर टी येतो १.८६. पाच टक्क्यांच्या पातळीला तिथे २.१० लागतो, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. आता तेच आकडे माणसागणिक शेजारी मांडा. दुसऱ्या रुग्णाचे -१.६ आणि ०.८, फरक २.४. सातव्याचे ३.७ आणि ५.५, फरक १.८. दहापैकी नऊ जणांचा फरक दुसऱ्या औषधाच्या बाजूने, एकाचा शून्य. आता माणूस स्वतःशीच ताडला जातो, त्यामुळे कोण मुळात किती झोपतो हा प्रश्नच उरत नाही. फरकांची सरासरी १.५८, प्रमाण विचलन १.२३. विचलनाला दहाच्या वर्गमुळाने भागलं की ०.३९ च्या आसपास, आणि त्याने १.५८ ला भागलं की टी ४.०६. इथे लागतो फक्त २.२६. दुसरं औषध सरस असण्याची शक्यता स्टुडंटने पैजेच्या भाषेत सांगितली होती, ६६६ ला एक.

सूत्राचं आजचं रूप आणि ‘स्वातंत्र्य मात्रा’ ही भानगड, हे सगळं रोनाल्ड फिशर यांच्या हातून १९२५ च्या सुमारास घडलं. त्यांनीही आपल्या पुस्तकात उदाहरणाला याच दहा झोपाळूंना घेतलं.

आपल्याकडे हे तंत्र शाळेच्या आधी शेतात आलं. साताऱ्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला जाऊन शिकले. विनायक गोविंद पानसे इंदूरला कापसाच्या प्रयोगांवर काम करत होते. १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने दोघांचं शेतीसंशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक काढलं. ‘पानसे-सुखात्मे’ एवढ्यावर कृषी महाविद्यालयांत ते आजही ओळखलं जातं. शेतातल्या प्रयोगात जोडी म्हणजे शेजारशेजारचे दोन वाफे. माती तीच, पाऊस तोच, बियाणं वेगळं. शाळेत मात्र जोडी जुळते एकाच मुलाच्या दोन तारखांची, आणि दोन तारखांच्या मध्ये पुष्कळ काही घडतं.

ते किती घडतं, हे खुद्द स्टुडंटने १९३१ मध्ये दाखवलं. आदल्या वर्षी स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायर परगण्यात ६७ शाळांतल्या २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग झाला होता. निम्म्यांना रोज पाऊण पाइंट दूध, निम्म्यांना काहीच नाही. फेब्रुवारीत वजन-उंची, जूनमध्ये पुन्हा वजन-उंची. शिक्षकांना गटांत थोडा बदल करायची मुभा होती आणि त्यांना दया आली. हडकुळी मुलं दुधाच्या गटात सरकली. त्यावर कडी म्हणजे वजन कपड्यांसकट केलं होतं. फेब्रुवारीत खात्यापित्या घरच्या पोराच्या अंगावर जाड कपडे, जूनमध्ये पातळ. गरिबाच्या अंगावर दोन्ही वेळा जवळपास तेच. म्हणजे बिनदुधाच्या, बऱ्या घरच्या मुलांची खरी वाढ कपड्यांच्या घटीने झाकली जाणार. एवढ्या खर्चापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तर जास्त कळलं असतं, असं त्याने सुचवलं. शंभर मुलं वीस हजारांना भारी, हे म्हणायला बार्लीवर पोसलेलं डोकं लागतं.

वडवणीत कपड्यांपेक्षा मोठी अडचण ऊसतोडीची आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला आणि कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायको, त्यामुळे घरात मागे आजी-आजोबा नसले तर मुलंही निघतात. समजा, शिक्षकाने जुलैत चाळीस जणांची पूर्वचाचणी घेतली आणि उत्तरचाचणी जानेवारीत ठेवली. तोवर पंधरा जणं फडावर. संगणकात दोन रकाने भरले, की तो अर्धवट ओळी निमूट गाळतो आणि पंचवीस जोड्यांचा टी काढून देतो. गणित चोख असतं. पण ते गणित गावात राहिलेल्यांचं, म्हणजे ज्यांना हंगामी वसतिगृहात जागा मिळाली किंवा ज्यांना सांभाळायला घरी कोणी होतं त्यांचं. प्रबंधात मात्र ‘इयत्ता पाचवीचे विद्यार्थी’ असंच छापलं जातं.

दुसरी चूक साधी आणि जास्त सर्रास. गुणांच्या यादीत हजेरी क्रमांक न लिहिता दोन्ही चाचण्यांचे नुसते आकडे उतरवायचे, कधी तर चढत्या क्रमाने लावून. एकदा आकडा त्या मुलापासून सुटला की जोडी गेली. मग कितीही महागडं सॉफ्टवेअर आणलं तरी हाती उरतो तो १.८६.

आणि जोडी शाबूत असली तरी टी फक्त इतकंच सांगतो, की बदल झाला आणि तो योगायोगाने होण्याजोगा नाही. तो उपक्रमाने झाला की सहा महिन्यांत मूल तसंही मोठं झालं म्हणून, हे त्याला विचारायचंच नाही. त्यासाठी उपक्रम न घेतलेली शेजारची शाळा लागते, आणि तीही तितकीच मुलं फडावर जाणारी.

वडवणीच्या शिक्षकाला यातून वाट काढता येते. उत्तरचाचणी टोळ्या निघायच्या आधी घ्यावी, म्हणजे जवळपास सगळ्या जोड्या हाताला लागतात. उपक्रम त्यामुळे तोकडा होतो, तो होऊ द्यावा. हंगाम संपून मार्च-एप्रिलमध्ये मुलं परतली की तीच चाचणी त्यांना पुन्हा द्यावी आणि त्यांचा तक्ता वेगळा ठेवावा. त्या तक्त्यात काही फरक उणे निघतील. ते छापावेत.