पत्री, गुंजा आणि गुरं: विषारी झाडं ओळखण्याच्या शिक्षणाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की लहान मुलांना डोंगरात नेताना कोणती झाडं टाळावीत याची यादी आम्ही देणार. ती देऊच, पण शेवटी. त्याआधी एक प्रश्न विचारू. सह्याद्रीच्या कुशीत पिढ्यान्‌पिढ्या मुलं रानात वावरत आली. गुंज, धोतरा, कण्हेर, कळलावी, बिब्बा हे सगळं त्यांच्या हाताशी होतं. पुस्तक नव्हतं, माहितीफलक नव्हते. मग या मुलांना शिकवलं कोणी?

पहिलं उत्तर देवघरात सापडतं. गणेशचतुर्थीच्या एकवीस पत्री आठवा. त्यांत दूर्वा, तुळस, बेल आहेत, तशीच रुई, धोतरा आणि कण्हेरही आहे. ही तिन्ही विषारी. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, धोतऱ्याने माणूस भ्रमिष्ट होतो, कण्हेरीचं विष थेट हृदयावर जातं. पत्री गोळा करायला घरातली पोरंच निघत, सोबत कोणी मोठं असे. पत्रीचा हेतू वनस्पतिशास्त्र शिकवणं हा होता, असा आमचा दावा नाही. पण पान हातात घेऊन, त्याचं नाव घेऊन, जाणत्याच्या नजरेखाली दरवर्षी उजळणी होई, हे खरं.

दुसरं उत्तर बाजारात. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक मुलं पाठ करत. सोनाराच्या तराजूतली ही लाल, काळ्या ठिपक्याची बी दिसायला इतकी देखणी, की लहान मूल ती हमखास उचलणार. तिचं कवच टणक असतं. अख्खी गिळली गेली तर बऱ्याचदा तशीच बाहेर पडते. चावली, किंवा माळेत ओवायला भोक पाडलेली असली, तर आतलं विष मोकळं होतं. म्हणजे तराजूत निर्धोक असलेली वस्तू दाताखाली जीवघेणी.

तिसरं उत्तर आपल्या भाषेत आहे. चांगल्या कामात मोडता घातला की आपण म्हणतो, ‘बिब्बा घातला’. भांडणं लावणारा तो ‘कळलाव्या’. खाजकुइलीला तर वेगळा इशारा द्यायलाच नको. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात. धोबी त्याच तेलाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करत. पण त्याच बीच्या आतली गोडंबी आपण खातो, आणि फळाचा वरचा केशरी, मांसल भागही खाल्ला जातो. जुन्या शिक्षणाचा गाभा इथे आहे. ‘हे झाड वाईट’ एवढं सांगून भागत नसे. कोणता भाग, कोणत्या ऋतूत, काय करून, हे सांगावं लागे. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यांत काकडं घालतात. भाजी शिकताना विषही शिकलं जाई.

लिखित पुरावाही आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतीय औषधींवरचा संवादरूपी ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात धोतरा अन्नातून देऊन लुबाडण्याच्या प्रकाराची चर्चा आहे. परक्या वैद्याला जे लिहून ठेवावंसं वाटलं, ते इथल्या लोकांच्या रोजच्या सावधगिरीचा भाग होतं.

हे ज्ञान सर्वांत जास्त कोणाकडे होतं? गुरं राखणाऱ्या पोरांकडे. गुरं कोणत्या पाल्याला तोंड लावत नाहीत, हे ती दिवसभर पाहत. मात्र गुरांनी खाल्लं म्हणून माणसाला चालेलच असं नाही, हेही त्यांना मोठ्यांकडून कळे. शाळा आली आणि या पोरांना अडाणी ठरवून मोकळी झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५मध्ये सुरू केलेलं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे त्यांनी उलटा विचार केला. मुलं कुरणात असतील तर शाळाच कुरणात नेली. हीच ती कुरणशाळा. पानं, बिया, खडे हीच तिथली साधनं. रान हा शिक्षणातला अडथळा नसून वर्ग आहे, हे आपल्याकडे इतक्या स्पष्टपणे फार थोड्यांनी सांगितलं.

आता या परंपरेची मर्यादा पाहू, कारण नुसते गोडवे गाऊन मुलांचा जीव वाचत नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, आणि मोगली एरंड ही दोन्ही झाडं मूळ अमेरिका खंडातली. ती इथे कुंपणाला लागली, पण भाषेत त्यांच्याबद्दल तसा इशारा रुजला नाही. उलट बिट्ट्या हे मुलांचं खेळणं झालं! मोगली एरंडाची बी तर चवीला शेंगदाण्यासारखी. २००३मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी याच झाडाची शिफारस केली आणि लागवडीला जोर आला. झाड पोचलं, सूचना पोचली नाही. या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत पुन्हापुन्हा वाचल्या आहेत.

म्हणून पदभ्रमणाला मुलं नेताना आपण जुनी रीत घ्यावी आणि यादी नवी करावी. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वीस झाडं सांगू नयेत. गुंज, धोतरा, कण्हेर, बिट्टी, एरंड आणि मोगली एरंड एवढी पुरेत. पावसाळ्यात त्यांत कळलावी घाला. तिचं फूल देखणं, पण कंद जहरी. चित्रापेक्षा खरं झाड दाखवा, पुढच्या वळणावर तेच झाड मुलाला शोधू द्या. नियम एकच: मोठ्यांना दाखवल्याशिवाय रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही. आणि एखाद्याने खाल्लंच, तर ओरडू नका. ओरडलात तर पुढचं मूल लपवेल. घरगुती उपायांत किंवा उलटी करवण्यात वेळ न घालवता झाडाची फांदी किंवा बी सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

पूर्वी हे शिक्षण रोजच्या कामात मिसळलेलं होतं, त्यामुळे ते कोणी मुद्दाम देत नव्हतं. आता ते काम उरलं नाही. तेव्हा ते मुद्दाम द्यावं लागेल, आणि ते देणारी मोठी माणसं आपणच आहोत. त्यासाठी आधी आपल्याला ती सहा-सात झाडं ओळखता आली पाहिजेत.