जुन्या इटालियन रेसिंग सायकली : मूळ रंगाचे मोल

इटलीत साधारणतः १९५० ते १९८५ या काळात घडलेल्या पोलादी रेसिंग सायकलींना आज जगभर चाहते आहेत. ब्यांकी, मासी, चिनेल्ली, कोलनागो आणि दे रोसा ही त्यांतली ठळक नावे. नवख्याला मात्र एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. नवा रंग चढवून लखलखीत केलेल्या सायकलीपेक्षा, ओरखडे उमटलेली, पण मूळ रंग आणि मूळ सुटे भाग शाबूत असलेली सायकल अधिक मोलाची मानली जाते. याचा उलगडा या सायकलींच्या घडणीत आहे.

१८८५ मध्ये मिलानला सुरू झालेली ब्यांकी हा मोठा उद्योग होता. बाकीच्यांच्या बहुधा छोट्या कार्यशाळा. फालिएरो मासी यांची कार्यशाळा तर मिलानच्या विगोरेल्ली या सायकल शर्यतींच्या मैदानालाच लागून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. चिनो चिनेल्ली हे स्वतः १९४३ ची मिलान-सान रेमो शर्यत जिंकलेले. एर्नेस्तो कोलनागो यांनी १९५४ मध्ये काम्ब्यागो या गावी काम सुरू केले. नळ्या बहुतेकांच्या मिलानच्या कोलंबस कंपनीच्या असत. तिच्या ‘एसएल’ प्रकारातील मुख्य नळ्यांची जाडी टोकांना ०.९ मिलिमीटर आणि मधल्या भागात अवघी ०.६ मिलिमीटर. सांध्यावर ताण जास्त, म्हणून तिथे धातू जास्त. बाकी ठिकाणी वजनाची काटकसर.

नळ्या जिथे मिळतात तिथे ‘लग’ नावाचे पोलादी सांधे बसवून ते झाळून पक्के करीत. मग कारागीर कानशीने लगच्या कडा घासून पातळ करी, टोकांना बाक देई, त्यांत आकृती कोरी. कोलनागोचे चिन्ह पत्त्यांतला किलवर, दे रोसाचे बदाम. खरी कारागिरी या कडांत दिसते आणि नव्या रंगकामात पहिला बळी तिचाच जातो. वाळूच्या माऱ्याने जुना रंग खरवडला आणि वर जाड थर दिला की कानशीने काढलेली धार बोथट होते, कोरीव आकृती बुजतात, अक्षरपट्ट्या नाहीशा होतात. फ्रेम कोणी बांधली, हे सांगणाऱ्या खुणाच पुसल्या जातात.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, कारण सायकलीवरचे नाव आणि तिचा कारागीर एकच असतील असे नाही. एडी मर्क्स यांच्या मोल्तेनी संघासाठी १९७३ पासून फ्रेम बांधल्या उगो दे रोसा यांनी. त्यांवर नाव मर्क्स यांचे. त्याआधी, २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटीत मर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते कोलनागोने बांधलेल्या सायकलीवर. फाउस्तो कोप्पी यांनी १९४९ आणि १९५२ मध्ये इटली व फ्रान्स या दोन्ही देशांच्या महाशर्यती जिंकल्या, त्या फिकट निळसर-हिरव्या ब्यांकीवर. अशा नावांभोवती वलय असल्याने नकलाही निघतात. नवा रंग नकलेला सोयीचा.

सुट्या भागांत मान काम्पान्योलोचा. तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३३ मध्ये विचेंझा येथे ही कंपनी स्थापली. तिच्या ‘न्युओवो रेकॉर्ड’ गिअरच्या मागील यंत्रणेवर अनेकदा पेटंटच्या शब्दाशेजारी वर्षाचे आकडे कोरलेले आढळतात. फ्रेमच्या सांगितलेल्या वयाशी ते जुळतात का, हे ताडून पाहावे. भाग नंतर बदललेला असू शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

या सायकली केवळ भिंतीवर टांगण्यासाठी नाहीत. तोस्कानातील गायोले इन क्यांती येथे १९९७ पासून ‘एरोइका’ ही फेरी निघते. पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवरील या फेरीत प्रामुख्याने १९८७ पूर्वीच्या घडणीच्या सायकली चालतात. गिअरचे खटके खालच्या नळीवर आणि ब्रेकच्या केबल हँडलबाहेर मोकळ्या हव्यात. मुलूखच असा की अशक्त फ्रेमचे पितळ उघडे पडावे.

विकत घेताना रंगाच्या ओरखड्यांपेक्षा हँडलखालच्या सांध्यामागे बोट फिरवून पाहावे. तिथे नळीला सूक्ष्म फुगवटा वा रंगाला आडव्या चिरा असतील, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली असण्याची दाट शक्यता. काम्पान्योलोच्या जुन्या क्रँकला फाट्यांच्या बेचक्यात तडे जातात. तेही भिंगाने तपासावेत. सीटखालचा अॅल्युमिनियमचा दांडा पोलादी नळीत ग्रीसविना राहिला तर गंजाने चिकटून बसतो. आपल्या किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत तर तो दरवर्षी एकदा काढून, पुसून बसवणे बरे. दुरुस्तीला देताना आणखी एक गोष्ट सांगावी : क्रँकच्या आसाचे आटे इटालियन मापात दोन्ही बाजूंना सुलटे असतात, इंग्लिश मापात उजवीकडचे उलटे. इंग्लिश मापाची सवय असलेला कारागीर सैल करण्यासाठी पाना फिरवील आणि वाटी अधिकच आवळली जाईल.