हार्ट फेल्युअरचा त्रास आहे? शेतात कामाला लागण्याआधी हे वाचा

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागतं तेवढं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही, म्हणून दम लागतो. पण कायम खाटेवर पडून राहिलं तर अशक्तपणा आणखी वाढतो.

डॉक्टरांनी परवानगी दिली की सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं सावकाश चाला. मग हळूहळू वेळ वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे. बोलायला धाप लागली तर वेग कमी करा. जेवल्याबरोबर आणि भर उन्हात चालू नका. पोती उचलणं, खोदकाम डॉक्टरांना विचारूनच.

रोज सकाळी वजन करा. ३ दिवसांत २ किलो वाढलं किंवा पाय सुजले तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच बसा. बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन करा. बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडू नका.