इंग्रजी वाक्य दुरुस्त करताना: क्रियापद कुठे, रूप कोणतं?

दहावीचा पेपर असो की नोकरीचा अर्ज, इंग्रजी वाक्य चुकलं की मुलांना घरात ऐकावं लागतं, "तुला इंग्रजी येतच नाही." खरं तर यातल्या बऱ्याच चुका हुशारी कमी म्हणून होत नाहीत. आपण घरी मराठी बोलतो, उर्दू बोलतो, आणि दोन्हीत क्रियापद शेवटी येतं: 'मी चहा पितो', 'मैं चाय पीता हूँ'. इंग्रजीत मात्र ते कर्त्याच्या मागोमाग येतं: 'आय ड्रिंक टी'. म्हणून आधी कर्ता शोधा, मग क्रियापद, मग बाकीचं.

नेहमीच्या चुका अशा:

१. 'शी गो टू स्कूल' चूक, 'शी गोज टू स्कूल' बरोबर. ही, शी, इट किंवा एखाद्याचं नाव कर्ता असेल, तर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' किंवा 'ईएस' लागतं.

२. 'ही डिड नॉट वेंट' चूक, 'ही डिड नॉट गो' बरोबर. भूतकाळ 'डिड'ने दाखवला, आता क्रियापद मूळ रूपात. 'डज'चंही तसंच: 'शी डज नॉट गो'.

३. 'व्हेअर यू आर गोइंग?' चूक, 'व्हेअर आर यू गोइंग?' बरोबर. प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. पण प्रश्न दुसऱ्या वाक्यात गुंफला की क्रम पुन्हा साधा होतो: 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'.

४. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स' चूक. मराठीत 'दहा वर्षांपासून राहतोय' म्हणतो, म्हणून ही चूक होते. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स'. कालावधी असेल तर 'फॉर', सुरुवातीचं साल किंवा दिवस असेल तर 'सिन्स'.

५. अर्जात हमखास दिसणारं: 'आय हॅव पास्ड बी.कॉम. इन २०२२'. संपून गेलेलं साल दिलं की 'हॅव' नको. 'आय पास्ड बी.कॉम. इन २०२२' लिहा.

अम्मी-अब्बूंना इंग्रजी येत नसलं तरी मदत करता येते. मुलाला वाक्य मोठ्याने वाचायला सांगा आणि मराठीतच तीन प्रश्न विचारा: कोण? काय करतं? कधी? पहिल्या उत्तराने कर्ता सापडतो, दुसऱ्याने क्रियापद, तिसऱ्याने काळ. मग वाक्य नव्याने, पूर्ण लिहायला लावा. नुसता शब्द खोडून वर दुसरा लिहिला तर क्रम लक्षात राहत नाही.

सरावासाठी एक वाक्य: 'यस्टरडे माय ब्रदर डिडन्ट केम होम'. यात एकच शब्द बदलायचा आहे. 'डिडन्ट' आलंय, तेव्हा 'केम'चं 'कम' होईल. मुलाने हे स्वतः सांगितलं तर शाबासकी द्या. चुकलं तर रागावू नका, तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.